सुट्टी एक, बोलावणी पाच

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग असा :

"मी ४२ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. यजमान चाकणला एका कारखान्यात आहेत. मुलगी यंदा दहावीत जाईल, मुलगा पाचवीत. सासूबाई आमच्याजवळ असतात. त्या ७२ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. ३ मे रोजी अमरावतीला यजमानांच्या मामेभावाचे लग्न आहे. तो हिंजवडीला नोकरी करतो. तिथली पाचही तिकिटे यजमानांनी काढून ठेवली आहेत. ९ मे रोजी संगमेश्वरजवळ माझ्या आजोळी मामेबहिणीचे लग्न आहे. १९ ते २७ मे अशी हिमाचलची सहल थोरल्या जाऊबाईंनी दोन्ही कुटुंबांसाठी ठरवली आहे. आमच्या चौघांचा खर्च सव्वादोन लाख, आणि मार्चअखेर अनामत भरायची आहे. त्यासाठी मुलीच्या अकरावी-बारावीकरिता ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल. यंदा अधिक महिना असल्यामुळे सांगलीहून आई धोंड्याच्या जेवणासाठी जावयाला आणि मला बोलावते आहे. यजमानांना ते सगळे जुनाट वाटते. जूनच्या पहिल्या आठवड्यात टेक्सासहून माझी कॉलेजातली मैत्रीण दोन मुलांना घेऊन येणार आहे आणि चार दिवस तुझ्याकडेच राहणार, असे म्हणते. आमचे घर दोन बेडरूमचे आहे. माझ्या हाताशी नऊ रजा आहेत. मुलगी म्हणते, मी कुठेही येणार नाही. मला कोणालाच दुखवायचे नाही. खरे सांगायचे तर मला फक्त आजोळी चार दिवस निवांत राहावेसे वाटते, पण ते कसे बोलून दाखवू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रत्येक बोलावण्यापुढे गाव आहे, दिवस किंवा निदान महिना आहे आणि सहलीपुढे तर रक्कमही आहे. काळवेळेवाचून राहिलेली गोष्ट एकच, आणि ती तुमची स्वतःची इच्छा आहे. ती तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आणि लगेच ती बोलून कशी दाखवू, असेही विचारले. माझ्या मते वेळापत्रक त्या शेवटच्या ओळीपासून लावायला घ्यावे. घरातल्या ज्या बाईला सगळ्यांच्या सुट्ट्यांची मांडणी करावी लागते तिच्या वाट्याला उरलेसुरले दिवस येतात, आणि मे महिन्यातले उरलेसुरले दिवस म्हणजे बॅगा रिकाम्या करण्याचे, तीन मशीन कपडे धुण्याचे आणि फ्रीजमध्ये आंबलेले काय आहे ते शोधण्याचे दिवस असतात.

यंदाची ओढाताण नेहमीपेक्षा जास्त का आहे हे आधी पाहू, म्हणजे नातेवाइकांवरचा राग थोडा निवळेल. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आला आहे. १७ मे ते १५ जून हा अधिक मासाचा काळ असल्याने बहुतेक घरांत त्या दिवसांत लग्नमुंजी करत नाहीत, आणि निज ज्येष्ठ सुरू होईपर्यंत पाऊस दाराशी आलेला असतो, शाळाही उघडू लागलेल्या असतात. त्यामुळे मुलांच्या परीक्षा संपण्याची वाट पाहणाऱ्या सगळ्या वधूवरपित्यांनी अक्षय्य तृतीयेपासून, म्हणजे १९ एप्रिलपासून, १६ मेपर्यंतच्या जेमतेम चार आठवड्यांत आपापली कार्ये बसवली आहेत. कार्यालय, गुरुजी आणि आचारी ज्या दिवशी एकत्र मिळाले तो दिवस त्यांनी धरला. तुमच्या दोन लग्नांमध्ये सहा दिवसांचे अंतर आहे, हेसुद्धा नशीबच म्हणायचे. एकाच सकाळी दोन गावांच्या अक्षता आलेली घरे यंदा पुष्कळ असतील. यातला उपयोगाचा भाग असा, की १७ मेनंतर नवी लग्नपत्रिका सहसा येणार नाही, आणि त्यानंतरचे तुमच्या यादीतले सगळे काही पुढेमागे करता येण्यासारखे किंवा सरळ नाकारता येण्यासारखे आहे. लग्नाची तारीख हलत नाही; सहलीची हलते.

आता रजांचा हिशेब मांडू. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. मे महिन्यात ते शनिवार ९ आणि २३ तारखेला येतात. संगमेश्वरचे लग्न नेमके दुसऱ्या शनिवारी आहे, हा तुमच्या बाजूने पडलेला फासा आहे. १९ ते २७ मे या सहलीत मात्र सहा-सात रजा एकदम जातात. उरलेल्या दोन-तीन रजांत आजोळ, मैत्रीण आणि घरातले एखादे अनपेक्षित दुखणे बसवायचे म्हटले तर ते बसत नाही, कितीही ओढूनताणून बसवले तरी. म्हणजे तुमच्यापुढचा प्रश्न पाच बोलावण्यांतून निवड करण्याचा नाहीच. एका पारड्यात सहल आहे आणि दुसऱ्यात बाकी सगळे. असे मांडले की उत्तर तुम्हालाही दिसेल, पण सहलीकडे मी शेवटी येते, कारण तिथे रजेपेक्षा अवघड अशी दुसरी एक गोष्ट आहे.

अमरावतीपासून सुरुवात करू. माझे स्पष्ट मत असे, की अमरावतीला तुम्ही आणि मुलांनी जाऊ नये. सासूबाई नवऱ्या मुलाच्या आत्या आहेत. ते त्यांच्या माहेरचे कार्य आहे आणि गुडघे कितीही दुखत असले तरी त्यांनी जायलाच हवे. त्यांच्यासोबत त्यांच्या मुलाने जावे. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेले असते हे खरे, परंतु आपल्याकडे 'घरटी एक' अशी बोलावण्याची जुनी रीतही आहे, आणि तुमच्या घरून तर दोघे जात आहेत, त्यांपैकी एक वराची सख्खी आत्या. त्या मांडवात तुमची अनुपस्थिती कोणाच्या लक्षात आली तर ती दहा मिनिटे चर्चेला पुरेल, त्याहून जास्त नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीचा पारा ४२-४४ अंशांच्या घरात असणे ही तिथल्या लोकांच्या दृष्टीने साधी गोष्ट आहे. ते त्या उन्हात कसे वावरायचे हे जाणतात, लग्नही पुष्कळदा दिवस कलल्यावर लावतात, पण पुण्याच्या मुलांना सकाळची हळद आणि संध्याकाळचे लग्न यांच्यामधली दुपार एखाद्या कूलरसमोर काढावी लागते. तुमची तीन तिकिटे आताच रद्द करा. जितक्या लवकर रद्द कराल तितकी कपात कमी होते. सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला आहे ना, एवढे मात्र तिकिटावर नीट पाहून घ्या. दिवसा जाणाऱ्या वंदे भारतने वेळ वाचेल, असे कोणी सुचवील, परंतु त्या गाडीत सारा प्रवास बसून करायचा असतो आणि दुखऱ्या गुडघ्यांना रात्रीचा आडवा प्रवास बरा. बडनेऱ्याला उतरणार असतील तर तिथून अमरावतीपर्यंतच्या गाडीची व्यवस्था मामांना आधीच सांगून ठेवावी. भर उन्हात स्थानकाबाहेर भाव करत उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

तुम्ही जाणार नाही म्हणजे तुमचे नाते कोरडे राहणार, असे मुळीच नाही, कारण नवरा मुलगा हिंजवडीला आहे. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी त्याला केळवणाला बोलवा, आणि त्याची नियोजित वधू पुण्यात असेल तर तिलाही. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, श्रीखंड-पुरी, आंब्याची डाळ, पन्हे, आणि जे काही द्यायचे आहे ते तेव्हाच हातात. लग्नाच्या दिवशी व्यासपीठावरच्या रांगेत तुम्हाला त्या दोघांच्या शेजारी फोटोपुरते अर्धे मिनिट मिळाले असते आणि तुम्ही कोण हे त्या मुलीला चौथ्या भेटीपर्यंत कळले नसते. केळवणाला ती तुमच्या घरात दोन-तीन तास बसेल, सासूबाईंकडून नवऱ्याच्या लहानपणच्या खोड्या ऐकेल आणि पुण्यात आपल्याला एक हक्काचे घर आहे हे ओळखून जाईल. लग्नाला न जाण्याची भरपाई म्हणून मी केळवण सुचवत नाही; मला ते अमरावतीच्या फेरीपेक्षा मुळातच अधिक मोलाचे वाटते.

संगमेश्वरबद्दल तुम्ही कमी लिहिले आहे, म्हणून मी जास्त लिहिते. तुम्हाला तिथे चार दिवस निवांत राहायचे आहे. पण लग्नघरात निवांतपणा मिळत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. दारात मांडव पडलेला असेल, वधूची थोरली बहीण म्हणून ग्रहमखापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक ठिकाणी तुमच्या नावाने हाका येतील, रुखवत मांडायचे कोणी, आहेराची वही कोणी धरायची, वऱ्हाडातल्या मधुमेही काकांचा बिनसाखरेचा चहा कोणी पाहायचा, अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तुम्ही असाल. त्यात आनंद आहे, पण विश्रांती नाही. लग्नाआधी लवकर जाऊन विश्रांती घेऊ, असा बेत लोक करतात आणि तो हमखास फसतो, कारण आधी येणारा पाहुणा हा लग्नघरात कामाचा माणूस असतो. म्हणून तुम्ही लवकर जाण्याऐवजी मागे राहा. गुरुवारी ७ तारखेला संध्याकाळी निघा, शुक्रवारची रजा घ्या, शनिवारी लग्न, आणि मग सोमवार, मंगळवार, बुधवार या आणखी तीन रजा घेऊन १३ तारखेपर्यंत तिथेच थांबा.

लग्नानंतरच्या त्या दिवसांची गंमत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ठाऊक असते. सत्यनारायण उरकतो, वऱ्हाडाच्या गाड्या गेलेल्या असतात, मांडवाचे आंब्याचे डहाळे वाळून करकरीत झालेले असतात. भाड्याने आणलेली पातेली, पराती आणि पाण्याचे जग मोजून परत करायचे असतात आणि एक झारा हमखास कमी भरतो. उरलेल्या लाडवांचे पुडे बांधून वाडीतल्या घरी पोहोचवायचे असतात. मामी पहिल्यांदाच ओटीवर पाय पसरून बसते आणि लेक सासरी गेल्यामुळे तिला त्याच वेळी कोणीतरी घरात हवे असते. माडीवर आंब्याची अढी लावलेली असते, कोणीतरी बरका फणस फोडतो, दुपारी सगळे घर झोपते. तुम्हाला हवे आहेत ते चार दिवस हे आहेत, आणि तुम्ही थांबलात तर मामीवर उपकारच होतील. मग "मला विश्रांती हवी आहे" हे वाक्य कोणापुढे उच्चारण्याचीही गरज उरत नाही. "लग्नानंतर मामीजवळ थांबते" एवढे सांगा, आणि ते खरेही असेल.

यजमानांनी शुक्रवारी संध्याकाळी मुलीला घेऊन यावे आणि रविवारी दोघांनी परतावे. त्या दोन रात्री सासूबाईंना पुण्यातल्या एखाद्या जवळच्या नातेवाइकाकडे किंवा भरवशाच्या शेजाऱ्यांच्या नजरेखाली ठेवता येईल. मुलगा तुमच्याबरोबर मागे राहील. बुधवारी परतताना गाडीचा हट्ट धरू नका. चिपळूणला येऊन स्वारगेटची एसटी धरा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि तुमच्या मुलाच्या वयालाही अर्धेच पडते, म्हणजे मायलेकरांचा प्रवास एका तिकिटात होतो. फक्त मे महिन्यात चाकरमान्यांची ये-जा फार असल्याने जागा आधी आरक्षित करा आणि कुंभार्ली घाटासाठी आवळासुपारी जवळ ठेवा. पैठणी घेऊन जाण्याचा विचार असेल तर मुहूर्तापुरती नेसा. मे महिन्यातल्या कोकणच्या घामट हवेत दिवसभर अंगावर राहू शकते ती सुती इरकल. आणि रजेचा अर्ज हे सदर वाचून झाल्यावर लगेच द्या. मे महिन्यात प्रत्येक शाखेत रजेसाठी रांग लागते आणि व्यवस्थापकही माणूसच असतो. पहिल्या अर्जाला तो सहज होकार देतो, पाचव्याला त्याचा नाइलाज असतो.

सांगलीच्या धोंड्याचा विषय त्या मानाने सोपा आहे. महिनाभरात कोणताही दिवस चालतो, म्हणून २३ आणि २४ मे हा चौथा शनिवार आणि रविवार धरा. एकही रजा लागणार नाही. तुमच्या यजमानांना हे जुनाट वाटते, आणि जावयाला विष्णुरूप मानून ३३ अनारसे वाण द्यायचे यावर त्यांचा विश्वास नसेल तर तो त्यांचा प्रश्न आहे. त्यावर वाद घालू नका. त्यांना एवढेच सांगा, की अनारशासाठी आई तीन दिवस तांदूळ भिजवील, रोज पाणी बदलील, सुकवून कुटील, गुळात मळून ते पीठ मुरवील, आणि त्यातला एखादा अनारसा तुपात विरघळला तर पुन्हा पीठ सारखे करील. तिचा हा सगळा खटाटोप लेक आणि जावई एक रात्र घरी यावेत म्हणून आहे. यानंतरचा अधिक मास येण्यास अडीच-पावणेतीन वर्षे जातात. तुमच्या आईच्या वयाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, आणि मीही त्याबद्दल जास्त बोलत नाही. मात्र एका गोष्टीत तुम्ही ठाम राहा. हल्ली धोंड्याच्या निमित्ताने जावयाला चांदीचे भांडे, अंगठी, भारी कपडे देण्याची चढाओढ दिसते, आणि निवृत्तिवेतनावर जगणारी माणसेही लोक काय म्हणतील म्हणून त्यात उतरतात. आईला फोनवर आधीच सांगा, की अनारसे, पुरणाचे धोंडे आणि दिवा यांपलीकडे काही आणायचे नाही. हे सांगताना यजमानही फोनवर असले तर उत्तम. जावयाने स्वतः नको म्हटलेले सासूला पटकन पटते.

मैत्रिणीबद्दल मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. पाच बोलावण्यांत तुम्ही तिला शेवटी लिहिले आहे आणि तिच्यापुढे चिंता आहे ती घराच्या दोन बेडरूमची. मैत्रीण समजून घेते, म्हणून तिला नेहमी शिल्लक वेळ दिला जातो, आणि जाऊबाई समजून घेणार नाहीत म्हणून त्यांना नऊ दिवस दिले जातात. म्हणजे जो समजूतदार त्यालाच दंड. टेक्सासमधल्या शाळा मेअखेर सुटतात, म्हणून ती जूनच्या सुरुवातीला येते आहे. तिच्याही डोक्यावर सासर, माहेर, दंतवैद्य, बँकेचे अडलेले काम आणि खरेदी असे सगळे असणारच, तरीही तिने तुमच्यासाठी चार दिवस काढले आहेत. दोन रजा तिच्या नावावर टाका. आमच्याकडे दोन रात्री राहा आणि त्यानंतर आपण दोघी वाईला एक रात्र जाऊ, असे तिला आजच स्पष्ट सांगून टाका. तिची मुले ती रात्र तिच्या माहेरी आजी-आजोबांकडे राहू शकतील. सासूबाईंची खोली त्यांच्याकडून काढून घेऊ नका. मुलांना दिवाणखान्यात गाद्या घाला, त्यांना त्याचीच मौज वाटते. पहिल्या दिवशी मुलांचे जेवण साधे असू द्या, वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी. लांबच्या प्रवासातून आलेल्या पोटांवर मिसळीचा प्रयोग दुसऱ्या दिवशी करावा. आणखी एक गोष्ट अशी, की तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे वेळापत्रक आताच विचारून घ्या. त्यांच्याही गावी याच चार आठवड्यांत लग्ने आहेत आणि त्यांनाही आपल्या माणसांत जायचे आहे. त्या मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुट्टीवर गेल्या तर तुमचे घर तेव्हा अर्धे रिकामेच असेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेल्या तर भांड्यांचा ढीग आणि मैत्रीण एकाच वेळी घरात असतील.

मुलगी 'मी कुठेही येणार नाही' म्हणते, त्यात मला फारसे बंड दिसत नाही. दहावीच्या सुट्टीतल्या शिकवण्या सुरू होत असतील, मैत्रिणी गावातच असतील, आणि प्रत्येक मांडवात 'यंदा दहावी ना? किती टक्के ठरवलेत?' हा प्रश्न विचारणारे निदान वीस जण भेटतील, हे तिला पक्के माहीत आहे. या मांडणीत तिला अमरावती नाही, सांगलीला आली तर आजीला आनंद आहे पण सक्ती नाही, आणि संगमेश्वरच्या दोन रात्री आहेत. त्या दोन रात्रींबद्दलही तिला विचारा, हुकूम सोडू नका. मावशीच्या लग्नात करवली म्हणून मिरवायला मिळणार असेल तर ती बहुधा येईल.

आता नकार कसा द्यायचा, ते पाहू. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर नकार देऊ नका. तिथे एकाचे उत्तर बावीस जण वाचतात आणि प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो. दूरध्वनी करा, तोही लवकर. ज्याला दीड महिना आधी कळते तो आपली मोजणी बदलून मोकळा होतो. ज्याला चार दिवस आधी कळते त्याच्या मनात ते वर्षभर राहते. कारण खोटे सांगू नका. 'रजाच मिळाली नाही' म्हणायचे आणि पुढच्याच आठवड्यात फणसाच्या गऱ्यांसह स्टेटस टाकायचे, हे नात्यात फार महाग पडते. खरे कारण सांगितले की त्याला सहसा कोणी फाटे फोडत नाही, कारण 'नऊ रजा आहेत आणि बहिणीचे लग्न आहे' यावर बोलण्यासारखे फारसे काही नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्या बाजूचे नाते असेल त्यानेच बोलावे. अमरावतीच्या मामांना तुमचे यजमान फोन करतील, सांगलीला आणि संगमेश्वरला तुम्ही कराल. सुनेने दिलेला नकार हा 'तिलाच यायचे नव्हते' असा ऐकला जातो. तोच नकार भाच्याने दिला तर मामा 'बरं बाबा, आईला घेऊन ये' म्हणून मोकळे होतात. हा न्याय आहे असे मी म्हणत नाही, पण घराघरांत असेच ऐकले जाते, हे धरून चालावे लागते.

यातूनच हिमाचलकडे येऊ. त्या सहलीला यंदा नाही म्हणा. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव नऊ दिवसांच्या सहलीसाठी मोडू नये, या एका कारणापुढे मला दुसरे कारण देण्याची गरज वाटत नाही. तरी मेच्या उत्तरार्धात शिमला-मनालीच्या रस्त्यांवर साऱ्या देशाची गर्दी लोटलेली असते, मुलीचे वर्ष दहावीचे आहे आणि रजा पुरत नाहीत, हेही खरेच आहे. जाऊबाईंनी ती सहल प्रेमाने ठरवली आहे यात शंका नाही; दोन भावांची कुटुंबे एकत्र जावीत, मुलांची आपसांत माया राहावी, हा त्यांचा हेतू चांगलाच आहे. म्हणून नकाराबरोबर दोन गोष्टी पुढे करा. पहिली म्हणजे, पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा संपली की दोन्ही कुटुंबांनी मिळून जायचे, आणि ठिकाण व खर्च आधी एकत्र बसून ठरवायचा. दुसरी गोष्ट तुम्हाला पटली तर पाहा : तुमच्या मुलाला चुलत भावंडांबरोबर एकट्याला पाठवा. त्याच्या एकट्याचा खर्च ठेव न मोडता निघू शकेल, भावंडांची गट्टी जमेल आणि जाऊबाईंचा बेत अगदीच मोडला असे होणार नाही. मात्र ते आधी थोरल्या दिरांना आणि जाऊबाईंना विचारून ठरवा. दुसऱ्याच्या मुलाची नऊ दिवसांची जबाबदारी ही मागून घेण्यासारखी गोष्ट नाही.

हे सगळे सांगण्यासाठी जाऊबाईंना फोन तुम्ही करायचा नाही. तुमच्या यजमानांनी आपल्या भावाला करायचा आहे, आणि अनामतीची मुदत पाहता तो याच आठवड्यात करायचा आहे. पत्रातली एक बाब माझ्या लक्षात आली : सहलीबद्दल जाऊबाई काय म्हणतात आणि मुलगी काय म्हणते, हे तुम्ही लिहिले आहे, पण ठेव मोडण्याबद्दल यजमानांचे मत काय, याबद्दल एक शब्दही नाही. कदाचित तुम्ही त्यांना अजून विचारलेच नसेल, आणि त्यांनीही तुम्ही सगळे बसवून घ्याल असे गृहीत धरले असेल. तेव्हा नऊ रजा, ठेवीची रक्कम आणि १३ मेपर्यंतचा मुक्काम या तिन्ही गोष्टी आज रात्री त्यांच्यापुढे ठेवा. ते सहलीच्या बाजूने बोलले तर ठेव मोडायची की नाही हे तुम्हा दोघांना आधी घरात ठरवावे लागेल, आणि ते ठरेपर्यंत अनामत भरू नका, जाऊबाईंना होकारही कळवू नका.